कोपरानं बघायची माती

तार्तूच्या या वस्तीत गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत.
मी बटाटा गल्लीत राहते,
माझा पोस्टमन वाटाणा गल्लीतून वळून येतो,
आणि मार्च संपत आला तरी
दोन्हींत मिळून एक हिरवं पान नाही.

वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आलाय, कारेल.
पुलांची गणितं शिकतो म्हणे.
त्यानं मागच्या अंगणातली चार पावलांची पट्टी मागितली.
दिली.
कुंपणालगतची, जिथे बर्फ सगळ्यांत शेवटी वितळतो.
(उगाच नाही. बघायचं होतं, टिकतो का.)

रोज सकाळी तो त्या बर्फाकडे बघत उभा राहतो,
दूध उतू जाईल म्हणून
शेगडीपाशी उभं राहावं तसा.
शेवटी मी खिडकी उघडून ओरडले, अरे, राख टाक!
पांढऱ्यावर काळं पडलं
की ऊन तिथेच बैठक मारतं.
त्यानं टाकली, वरणात मीठ टाकावं तशी, चिमटीनं.
मी खाली गेले आणि बादलीच उपडी केली.

माझ्या घराचं तर आतून केव्हाच शेत झालंय.
खिडकीत केफिरच्या कापलेल्या खोक्यांत टोमॅटोची रोपं,
सगळ्यांच्या माना काचेकडे.
सकाळी फिरवून ठेवते, संध्याकाळी परत तिकडेच,
शाळेत फळ्याकडे कधीच न बघणारी मुलं.
पलंगाखाली अंड्यांच्या ट्रेमध्ये बटाटे
एकेक डोळा उघडतायत.
लाइने, माझी बहीण, फोनवर विचारते, मग झोपतेस कुठे?
बटाट्यांच्या वर.

तळघरात वाळूत डेलियाचे कंद ठेवले होते, सात.
पाच धड निघाले.
एक बोट लावताच बसला.
सातवा उंदरानं आतून सगळा खाल्लेला,
पण वरची साल इतकी नीट ठेवून
की मला त्याचं कौतुकच वाटलं.

एप्रिलात नदी चढली.
एमायोगी, म्हणजे आईनदी.
आईच ती, दार वाजवून थोडीच येणार!
प्लमच्या झाडापर्यंत आली,
कुंपणाची एक फळी घेऊन गेली,
कुणाची तरी निळी बादली ठेवून गेली.
बादली चांगली आहे. मी तक्रार केली नाही.

पाणी ओसरल्यावर कारेलनं फावडं मारलं
आणि ते ठण्ण वाजलं.
वीतभर खाली अजून हिवाळाच.
त्यानं खिशातून मुळ्याचं बी काढलं,
परत ठेवलं,
परत काढलं.
मी म्हटलं, बाही वर कर.
तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी कशानं बघतात?
बोटांवर विश्वास ठेवू नये, त्यांना घाई असते.
कोपर टेकव.

तो गुडघ्यांवर बसला, कोपर मातीत रोवलं,
आणि बसला कितीतरी वेळ तसाच,
जणू खाली कुणाशी पंजा लढवतोय.
गार आहे, म्हणाला.
मग थोड्या वेळानं,
पण कालच्याइतकी ठाम नाही.

मला हे उत्तर आवडलं. तसं दाखवलं नाही.
आठ दिवस थांब, म्हटलं.
तोवर वाळकी पानं ओढ,
लसणावरचं गवत बाजूला कर, हळू, खाली टोकं आली असतील,
आणि त्या कोपऱ्यात पाय देऊ नकोस,
तिथे रुबार्ब आपली गुलाबी मूठ
वर काढायच्या बेतात आहे.

चाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलेय, आठ दिवस थांबा.
आणि चाळीस वर्षं
त्याच रात्री, टॉर्च दातांत धरून,
स्वतः एक ओळ पेरत आलेय.
दर वर्षी निम्मं बी वाया जातं.
पण ती माती नखांत शिरते ना,
तो ओला, लोखंडी वास,
त्यासाठी निम्मं बी म्हणजे काही फार नाही.

यंदा मधेच टॉर्च विझली.
मी अंधारात ओणवी, मुठीत बी, तोंडात शिवी.
वरच्या खिडकीत दिवा लागला.
पडदा सरकला.
तो काही बोलला नाही,
ओळ संपेपर्यंत दिवा तेवढा ठेवला.

ओळ वाकडी आली.
सकाळी बघते तर त्याच्या पट्टीत,
रुबार्बला वळसा घालून,
आणखी एक वाकडी ओळ.